ज्यांना मानतो ते समोर आले की वाचा बसते, काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुढच्या महिन्यात तुम्ही तुमच्या संस्थेतर्फे एका आंतरराष्ट्रीय परिषदेला जाणार आहात. ज्यांची भाषणं ऐकत तुम्ही मोठ्या झालात असे दोन-तीन नेते तिथे असतील. एका गोलमेज चर्चेत तुम्हाला दोन मिनिटं बोलायचं आहे आणि संध्याकाळी स्वागत-समारंभ आहे. मागे एका माजी राष्ट्राध्यक्षांशी हस्तांदोलन झालं तेव्हा स्वतःचं नावसुद्धा तोंडून निघालं नाही, आणि आता पुन्हा तसंच होईल या धास्तीने झोप उडाली आहे. शिवाय फोटो मागितला तर चालेल का, हेही तुम्ही विचारलंय.

मी परिषदांमध्ये दुभाषी म्हणून काम करते. कधी काचेच्या केबिनमध्ये कानाला हेडफोन लावून, तर कधी दोन नेत्यांच्या मध्ये, जरा मागे सरकवलेल्या खुर्चीत वही घेऊन. आमच्या पेशात खोलीतलं बोलणं खोलीतच राहतं, त्यामुळे कुणाचे किस्से सांगणार नाही. पण थोरामोठ्यांसमोर गांगरलेली माणसं मी सतत पाहते, आणि त्यांत मुरलेले राजदूत आणि मंत्रीही असतात. तेव्हा आपल्यातच काहीतरी कमी आहे हा विचार आधी मनातून काढा.

तुम्हाला काळजी आहे ती वाचा बसण्याची. माझ्या मते यातली ती किरकोळ अडचण आहे. रांगेत हात मिळवताना एखादी व्यक्ती काही बोलली नाही, तर समोरच्या नेत्याला त्याचं काही वाटत नाही. त्या संध्याकाळी ते असे कितीतरी हात हातात घेतात आणि त्यांतले पुष्कळसे हात निःशब्दच असतात. मोठी अडचण आहे ती आदराच्या भरात कशालाही मान डोलावण्याची. तुम्ही एखादा मुद्दा मांडता, समोरचा नेता हसून म्हणतो, ‘हो, आम्ही त्यावर काम करतोच आहोत’, आणि तुम्ही भारावून ‘नक्कीच, नक्कीच’ म्हणून मोकळ्या होता. भेट गोड होते, पण ज्या लोकांचं म्हणणं घेऊन तुम्ही तिथवर गेलात त्यांच्या हाती काही लागत नाही. मी खुर्चीत बसून हे होताना पाहते तेव्हा मला फार वाईट वाटतं, कारण तो क्षण पुन्हा येत नाही. म्हणून तुमच्या धास्तीबद्दल लिहिते आहेच, पण या दुसऱ्या गोष्टीवर जास्त बोलणार आहे.

वाचा का बसते, ते आधी पाहू. ज्यांना आपण वर्षानुवर्षं पडद्यावर पाहतो त्यांच्याशी आपलं एक नातं तयार होतं, फक्त ते एकाच बाजूने असतं. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अभ्यासकांनी १९५६ साली रेडिओ-टीव्हीच्या श्रोत्यांबद्दल हे पहिल्यांदा सविस्तर मांडलं. तुम्हाला त्या नेत्याचा आवाज, हातवारे, आयुष्यातले चढउतार सगळं ठाऊक असतं. त्यांना तुमचं नावही ठाऊक नसतं. प्रत्यक्ष भेटीत हे दोन्ही एकदम समोर येतं. मनात जवळच्या माणसाला भेटल्याचा उमाळा असतो आणि समोर एक अनोळखी व्यक्ती सौजन्याने हात पुढे करून उभी असते. कुठल्या सुरात बोलायचं हेच कळेनासं होतं आणि शब्द अडतात.

त्यात भर पडते ती आपण कसे दिसतोय या विचाराची. २००० साली थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एका गायकाचं मोठं चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून खोलीत पाठवलं. निम्म्या लोकांनी तरी आपला शर्ट पाहिला असणार, असा त्या विद्यार्थ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात साधारण पाव लोकांच्याच तो लक्षात आला होता. तुमचा थरथरणारा हात, घोगरा आवाज, लालबुंद झालेला चेहरा हे तुम्हाला जितकं ठळक जाणवतं त्यापेक्षा इतरांना बरंच कमी दिसतं. मी अगदी जवळ बसलेली असते, तरी कोण आतून घाबरलंय हे मला बहुतेकदा नंतर त्यांनी सांगितल्यावरच कळतं.

शरीराचंही थोडं सांगते. छाती धडधडणं, घसा कोरडा पडणं, हात गार होणं, हे ॲड्रिनलिनचं काम आहे आणि ते तुमच्या सांगण्याने थांबत नाही. ‘शांत हो, शांत हो’ असं स्वतःला बजावण्याचा फारसा उपयोग होत नाही. ॲलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४च्या संशोधनात, गाण्याआधी किंवा भाषणाआधी ज्यांनी ‘मी शांत आहे’ म्हणण्याऐवजी ‘मला उत्सुकता वाटतेय’ असं स्वतःला सांगितलं, त्यांची कामगिरी सरस ठरली. मला हे पटतं, कारण धडधड दोन्हींत सारखीच असते आणि उत्सुकतेचं नाव दिलं की तिच्याशी भांडावं लागत नाही. सोबत श्वास सोडताना तो घेताना लागला त्यापेक्षा जास्त वेळ लावा. एवढंच करा, ते कुणाला दिसत नाही आणि नाडी जरा खाली येते.

याहून जुनं संशोधन मला कामात जास्त उपयोगी पडलं. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांनी १९०८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की सोपं काम बऱ्याच ताणातही जमतं, पण अवघड काम थोडा ताण वाढला तरी बिघडतं. मी त्यातून असं घेतलं, की ताण कमी करणं हातात नसेल तर काम सोपं करावं. पुढचं जवळजवळ सगळं उत्तर यावरच उभं आहे.

यात परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे, हेही सांगायला हवं. पदावर असलेला नेता आणि निवृत्त नेता यांच्याभोवतीची सुरक्षा, वेळ आणि मोकळीक यांत फार फरक असतो. बंद दाराआडची गोलमेज चर्चा आणि हजार माणसांचं सभागृह यांचे नियम वेगळे. तुम्ही यजमान असाल, वक्त्या असाल की केवळ निरीक्षक, त्यावरही काय शोभतं ते ठरतं. आणि ही भीती फक्त मोठ्या माणसांपुरती नसून रोजच्या बैठका, फोन, अनोळखी माणसं यांतही तुमचा दिवस बिघडवत असेल, तर माझ्या युक्त्या पुरणार नाहीत. मग समुपदेशकांशी बोला, त्यावर चांगले उपचार आहेत.

आता माझ्या कामाची पद्धत. दोन नेत्यांच्या मध्ये बसून मी भांबावत नाही, ते माझ्या धीटपणामुळे नव्हे. मला तिथे भांबावायला मोकळीकच नसते. समोरची व्यक्ती बोलते तेव्हा मला तिचं वाक्य पकडायचं असतं: कोण, काय करणार, कधी, कोणत्या अटीवर. हे चार धागे वहीत उतरवेपर्यंत पुढचं वाक्य येतं. ती व्यक्ती किती थोर आहे हा विचार करायला जागाच उरत नाही. दुभाष्यांचं समांतर भाषांतर, म्हणजे वक्ता बोलत असतानाच केलेलं भाषांतर, पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर नाझी नेत्यांवरच्या न्यूरेंबर्गच्या खटल्यात झालं, १९४५-४६ मध्ये, चार भाषांत. केबिनमधल्या त्या माणसांच्या कानांवर काय काय पडत होतं याचा विचार केला तर आजही अंगावर काटा येतो. तरी त्यांनी ते पेललं, कारण लक्ष पुढच्या वाक्यावर ठेवावंच लागत होतं.

तुम्ही दुभाषी नाही, पण हे तुम्हालाही करता येईल. गोलमेज चर्चेत ज्या नेत्याला तुम्ही मानता ते बोलायला लागले की त्यांच्याकडे पाहत बसू नका, लिहा. त्यांनी नेमकं काय कबूल केलं? कोणत्या वर्षापर्यंत? पैसा कुठून येणार, हे सांगितलं का? आपल्या मुद्द्याला त्यांनी स्पर्श केला की बगल दिली? या चार प्रश्नांची उत्तरं वहीत शोधायला लागलात की तुमच्या लक्षात येईल, धडधड तशीच असली तरी डोकं चालू आहे. आणि मान डोलावण्याच्या सवयीवरही हाच इलाज आहे. ज्याने ऐकलेलं लिहून काढलं आहे तो माणूस पोकळ उत्तराला सहज ‘नक्कीच’ म्हणत नाही, कारण कागदावरची रिकामी जागा त्याच्या समोर असते.

मानसशास्त्रात एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये दाखवलेली एक गोष्ट इथे लक्षात ठेवा. माणसाचा एक गुण डोळ्यांत भरला की त्याचे बाकीचे गुणही आपण वरचढच धरतो. ज्यांनी तुरुंगवास सोसला, युद्ध थांबवलं, शाळा उभ्या केल्या, त्यांचा पाणीपुरवठ्याबद्दलचा अंदाजही बरोबरच असेल असं नाही. तुमच्या विषयात तुम्ही त्यांच्यापेक्षा जास्त जाणत असाल, म्हणून तर तुम्हाला बोलावलं आहे.

दोन मिनिटांच्या भाषणाकडे येते. दुभाष्यांमार्फत नीट पोहोचायचं तर मिनिटाला १०० ते १२० शब्दांचा वेग चांगला. म्हणजे तुमच्याकडे फार तर २४० शब्द आहेत. बहुतेक लोक चारशे लिहून आणतात आणि धावत वाचतात. मग त्यांचे आकडे केबिनमध्येच गळतात. एकच मुद्दा घ्या, त्याला एक आकडा आणि एक उदाहरण जोडा आणि शेवटी एक मागणी करा. पहिलं वाक्य पाठ हवं, इतकं की झोपेतून उठवलं तरी म्हणता यावं. पहिली दहा सेकंद सर्वांत अवघड असतात आणि तेवढा पल्ला पाठांतरच पार करून देतं. त्यानंतर कागद बघून बोललात तरी कुणाला खटकत नाही. संबोधनाला एक ओळ पुरे. कुणाकुणाची भाषणं ऐकून तुम्ही घडलात हे सांगण्यात वीस सेकंद घालवू नका. आणि कृपा करून भाषणाचा कागद आदल्या दिवशी आयोजकांमार्फत दुभाष्यांकडे पोहोचवा. आम्हाला नावं आणि आकडे आधी मिळाले तर तुमचं म्हणणं ज्या नेत्यापर्यंत जायचं आहे तिथे ते धारदार पोहोचतं. माईकचं बटण दाबल्यावर दिवा लागेपर्यंत थांबा, मगच सुरुवात करा.

सकाळी नीट खाऊन जा आणि लवकर पोहोचा. सुरक्षा तपासणीच्या रांगा लांब असतात, नेत्यांच्या वेळा पुढेमागे होतात, तासन्‌तास उभं राहावं लागतं आणि रिकाम्या पोटी धडधड दुप्पट वाटते. मध्ये दहा मिनिटं एकटं बसायला कोपरा शोधून ठेवा. संयुक्त राष्ट्रांच्या न्यूयॉर्कमधल्या मुख्यालयात तर दुसरे सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड यांनी त्यासाठी एक खास शांत खोलीच घडवून घेतली होती, ती १९५७ मध्ये खुली झाली. जगाचे तंटे ज्यांच्या टेबलावर येत त्यांनाही गप्प बसायला जागा लागत होती. आम्ही दुभाषीसुद्धा केबिनमध्ये साधारण अर्ध्या तासाने जोडीदाराकडे माईक सोपवतो, कारण तेवढ्यानंतर लक्ष विरळ होतं. दिवसभर तुमचं लक्ष एकसारखं टिकेल अशी अपेक्षा ठेवू नका.

इथवरचं एका ओळीत: काम लहान करा, पहिलं वाक्य पाठ ठेवा, माणसाऐवजी त्याच्या वाक्यावर लक्ष द्या.

संध्याकाळच्या समारंभात राजशिष्टाचाराची भीती वाटते असं तुम्ही लिहिलंय. शिष्टाचाराचे नियम मुळात भांडणं टाळण्यासाठी झाले. कुणाचा राजदूत पुढे बसणार यावरून युरोपात इतके तंटे होत, की १८१५च्या ‘व्हिएन्ना काँग्रेस’ या युरोपीय सत्तांच्या परिषदेत त्याचे नियम ठरवावे लागले. आजही संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत दरवर्षी पहिल्या जागेवर कोणता देश बसणार हे चिठ्ठी काढून ठरतं आणि तिथून १९३ देश इंग्रजी वर्णानुक्रमाने बसतात. म्हणजे कुणाचं मोठेपण मोजत बसावं लागू नये, अशी ती सोय आहे. तुमच्यासाठीही ती सोयच आहे, कारण तुम्हाला ठरवावं लागणाऱ्या गोष्टी त्यामुळे कमी होतात.

तुमच्यापुरते नियम थोडेच आहेत. हात त्यांनी पुढे केला तर द्या. काही जण धर्मामुळे किंवा प्रकृतीमुळे हात मिळवत नाहीत, तेव्हा हात छातीशी नेऊन किंचित झुकलात की पुरे. पेला डाव्या हातात धरा, म्हणजे उजवा मोकळा आणि कोरडा राहतो. राष्ट्रप्रमुखांना आणि पंतप्रधानांना आंतरराष्ट्रीय कार्यक्रमात ‘एक्सलन्सी’ म्हटलेलं चालतं, राजा-राणीला पहिल्यांदा ‘युअर मॅजेस्टी’. माजी प्रमुखांना काय म्हणायचं हे देशादेशांत बदलतं, त्यामुळे संपर्क अधिकाऱ्याला आधी विचारा, त्यात कमीपणा नाही. पर्समध्ये किंवा कोटात अचानक हात घालू नका, सुरक्षारक्षकांना ते आवडत नाही. भेटवस्तू किंवा पत्र थेट नेत्याच्या हातात देऊ नका. शेजारी फाईल घेऊन उभा असलेला सहायक असतो, त्याच्याकडे द्या.

त्या सहायकाबद्दल जरा थांबून सांगते, कारण पाहुण्यांचं त्याच्याकडे सहसा लक्षच जात नाही. सगळ्यांचे डोळे नेत्यावर खिळलेले असतात. पण दुसऱ्या दिवशी तुमचा मुद्दा आठवणीत ठेवणारा, टिपण पुढे सरकवणारा, भेटीची वेळ देणारा माणूस तोच असतो. जी-सेव्हन किंवा जी-ट्वेंटीच्या बैठकांत नेते येण्याआधी महिनोन्‌महिने मसुद्याचा शब्दन्‌शब्द घासणाऱ्या प्रतिनिधींना ‘शेर्पा’ म्हणतात, आणि बरेचसे निर्णय त्यांच्या टेबलावरच पक्के झालेले असतात. तुमच्याकडे समारंभात पंधरा मिनिटं असतील तर दोन मिनिटं नेत्यासाठी ठेवा आणि बाकीची त्यांच्या सल्लागारांशी बोलण्यात घालवा. तिथे तुम्ही दिपूनही जाणार नाही.

नेत्याशी बोलायला मिळालीच ती दोन मिनिटं, तर काय बोलावं? नाव, संस्था, मग त्यांच्या एखाद्या ठरावीक कामाबद्दल एका वाक्यात आभार, आणि लगेच तुमचा मुद्दा. आभार खरे असू द्या. ‘तुम्ही माझी प्रेरणा आहात’ हे ते रोज ऐकतात आणि त्यावर हसण्यापलीकडे त्यांना काही करता येत नाही. त्याऐवजी ‘तुमच्या अमुक निर्णयामुळे आमच्या भागातल्या मुली शाळेत राहिल्या’ असं सांगितलंत तर ते थांबून ऐकतील, बहुधा उलट प्रश्नही विचारतील.

मलाला युसुफझाई ११ ऑक्टोबर २०१३ रोजी व्हाइट हाउसमध्ये बराक ओबामांना भेटली तेव्हा सोळा वर्षांची होती. त्या भेटीनंतरच्या निवेदनात तिने सांगितलं, की शिक्षणासाठीच्या मदतीबद्दल तिने ओबामांचे आभार मानले आणि त्याच भेटीत ड्रोन हल्ल्यांमुळे दहशतवादाला खतपाणी मिळतंय ही काळजीही बोलून दाखवली. आदर आणि हरकत एकाच भेटीत, एकाच सुरात बसली. त्याच्या कितीतरी वर्षं आधी हंसा मेहता एलिनॉर रूझवेल्ट यांच्या अध्यक्षतेखालच्या, संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगात भारताच्या प्रतिनिधी होत्या. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात सर्व ‘मेन’ जन्मतः स्वतंत्र आहेत असा मसुदा होता, आणि त्यात स्त्रिया वगळल्या जातील अशी हरकत त्यांनी घेतली. १० डिसेंबर १९४८ रोजी जाहीरनामा संमत झाला तेव्हा त्या जागी ‘ह्यूमन बीइंग्ज’ होतं. अध्यक्षांची कीर्ती तेव्हा जगभर होती. मेहता त्या दडपणाखाली गप्प बसल्या असत्या तर त्या कलमाचा अर्थ अपुरा राहिला असता. तुम्ही जाताय तिथे तुमचं एखादं वाक्यही असंच कुणाच्या तरी कामाला येऊ शकतं, म्हणून मी यावर इतकी अडून बसले आहे.

भेटीत ते नेते थकलेले, तुटक किंवा घाईत वाटले, तर त्यावरून त्यांच्याविषयी मत बनवू नका. त्यांच्या दिवसातली ती विसावी भेट असू शकते. तुमचा आदर त्यांच्या कामावर उभा आहे, त्या दोन मिनिटांवर नाही.

फोटोचं उत्तर सोपं आहे. बंद बैठकीत नाही, फोन बाहेरच काढू नका. समारंभात बहुतेकदा अधिकृत छायाचित्रकार असतात. त्यांच्याकडून फोटो कसा मिळेल हे आयोजकांना विचारा. स्वतः काढायचाच असेल तर आधी तुमचं बोलणं पूर्ण करा, मग सहायकाकडे परवानगी मागा. आधी फोटो घेतला की भेट तिथेच संपते, हे मी फार वेळा पाहिलं आहे: नेत्याचं लक्ष पुढच्या माणसाकडे जातं आणि तुमचा मुद्दा घशातच राहतो.

आणि एवढं सगळं करूनही ऐन वेळी शब्द आले नाहीत तर? त्याची सोय आधीच करून ठेवा. अर्ध्या पानाचं टिपण बरोबर असू द्या: वर संस्थेचं नाव, मध्ये दोन मिनिटांच्या भाषणातला तोच एक मुद्दा आणि तीच एक मागणी, खाली संपर्क. बोलता आलं नाही तर हात जोडा, स्मित करा, बाजूला व्हा आणि ते पान सहायकाला द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच सहायकाला चार ओळींचा मेल पाठवा, आदल्या संध्याकाळी भेट झाल्याचा उल्लेख करून. मेलचा मसुदा निघण्याआधीच लिहून ठेवा, म्हणजे थकलेल्या सकाळी फक्त तारीख आणि नाव भरावं लागेल.